मुद्दा लिहिल्याशिवाय फरक नाही

जीवशास्त्राच्या पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न म्हणजे हमखास गुण, असं सगळे मानतात. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारायची, एका अंगाला ‘अ’, दुसऱ्या अंगाला ‘ब’, आणि गाइडातली वाक्यं समोरासमोर उतरवून काढायची. आमच्या बाईंच्या वर्गात मात्र ही एक रेघ पुरत नसे. त्या डावीकडे आणखी एक रेघ मारायला लावत आणि त्या रकान्याच्या डोक्यावर लिहायला सांगत : ‘मुद्दा’. दोन गोष्टींतला फरक नेमक्या कोणत्या बाबतीतला, ते आधी तिथे लिहायचं. तो रकाना कोरा राहिला तर पुढची वाक्यं कितीही बरोबर असोत, गुण नाहीत. बोर्डाला असं काही नको होतं. बाईंना हवं होतं.

आज त्यांच्याविषयी लिहायला बसले तर आठवणी पुष्कळ आहेत. पण मी त्यांची जी देणेकरी आहे, ती या एका रकान्यापायी. त्याने आमच्या घरातल्या एका सुनेचा संसार वाचवला आणि पुढे माझ्या पोटापाण्याच्या कामालाही तोच पुरला.

चंद्रपूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. १९८०च्या दशकात तिथे विज्ञान शाखेची अकरावी-बारावी नुकती कुठे सुरू झाली होती. प्रयोगशाळा म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली, उन्हाळ्यात भट्टी. बाई अमरावतीकडच्या. सुती पातळ, पदर खोचलेला, लुनाच्या हँडलला अडकवलेली पिशवी. पिशवीत एक ब्लेड, एक भिंग आणि बहुतेक वेळा ‘सृष्टिज्ञान’चा एखादा जुना अंक. पुण्याहून १९२८पासून निघणारं हे मासिक आमच्या गावात त्यांच्याखेरीज दुसरं कोणी वाचत असेल असं वाटत नाही. अंक वाचून झाला की त्या तो प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवून देत. ‘वाच’ असं कधी म्हणत नसत. पण अंक जागचा हलला नसेल तर त्यांच्या लक्षात येई.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा सांगायची तर काट्यांचं प्रॅक्टिकल सांगावं लागेल. टेबलावर पाच फांद्या ठेवलेल्या : गुलाब, बोगनवेल, बाभूळ, बोर आणि निवडुंगाचा एक फड. “हे काय?” त्यांनी विचारलं. काटे, दुसरं काय! “कशासाठी?” गुरांनी खाऊ नये म्हणून. “पाचांचं काम एकच ना? मग काम आता बाजूला ठेवा. काटा कुठून उगवलाय ते बघा आणि लिहा.”

गुलाबाचा काटा अंगठ्याने आडवा दाबला तर सालीसकट टचकन निघून येतो. मागे लांबट गोल खूण राहते, आतल्या लाकडाला त्याची खबरही नसते. फांदीवर तो कुठेही असतो, त्याच्या जागेला नियम नाही. बोगनवेलीचा काटा तसा निघत नाही. तो नेमका पान आणि फांदी यांच्या बेचक्यात असतो, जिथून एरवी नवी फांदी फुटायची तिथे. ब्लेडने उभा छेद घेतला की आतलं लाकूड थेट काट्यात शिरलेलं दिसतं. म्हणजे ती फांदीच आहे, काटा झालेली. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीजोडीने. बोराचेही तसेच, पण बोरात बहुधा एक सरळ असतो आणि एक आकड्यासारखा वळलेला. बोरं तोडताना बाही अडकते ती याच्याच पायी. हे दोन्ही म्हणजे पानाच्या बुडाशी असणारी उपपर्णं. आणि निवडुंगाच्या ज्या हिरव्या फडाला आम्ही पान समजत होतो ते खोड. त्याची पानं म्हणजे त्या सुया.

फळ्यावर बाईंनी तक्ता काढला. ‘काम’ या मुद्द्यापुढे पाचही रकान्यांत एकच शब्द आला. ‘उगम’ या मुद्द्यापुढे कुठे साल, कुठे फांदी, कुठे पान. “आता सांगा, हे सारखे आहेत की वेगळे?” कोणी बोलेना. मग त्या म्हणाल्या, “हा प्रश्नच अर्धा आहे. कशात सारखे, ते विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.” तिथून त्या वटवाघळाच्या पंखावर गेल्या. काम बघितलं तर तो फुलपाखराच्या पंखाच्या पंगतीला बसतो, आतली हाडं बघितली तर माणसाच्या हाताच्या. रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने १८४३मध्ये या दोन प्रकारच्या सारखेपणांची व्याख्या वेगवेगळी करून दिली, डार्विनचा ग्रंथ यायच्या सोळा वर्षं आधी. “फरक आधी मांडला गेला,” बाई म्हणाल्या, “तो कशामुळे, ते नंतर कळलं.”

जीवशास्त्रात ज्या जोड्यांची गल्लत होते त्या सगळ्या त्यांनी अशाच सोडवल्या. श्वासोच्छ्वास आणि श्वसन : मुद्दा काय, तर ‘कुठे घडतं’. हवा आत-बाहेर करणं हे छातीचं काम. अन्न जाळून ऊर्जा काढणं हे प्रत्येक पेशीचं. मोड आलेले मूग थर्मासमध्ये भरून, बुचातून थर्मामीटर खोचून त्यांनी रात्रभर ठेवले. सकाळी पारा चढलेला होता. मुगाला नाक नाही, फुप्फुस नाही, पण श्वसन चालू. घोणस विषारी आणि धोतराही विषारी : मुद्दा ‘विष शरीरात शिरतं कसं’. एक दातांवाटे रक्तामांसात उतरवते, दुसरा पोटात गेल्यावर बाधतो. कापसाच्या वावरात पाय टाकणाऱ्या आमच्यासारख्यांना हा फरक परीक्षेपुरता नव्हता. घोणशीच्या दंशावर प्रतिसर्पविष चालतं, धोतऱ्याच्या बियांवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

त्या म्हणत, शब्द सारखे दिसतात म्हणून गल्लत होते हे खरं, पण पुरतं खरं नाही. दोन शब्द दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरं असतात आणि आपण त्यांना एकाच रेघेच्या दोन अंगांना उभं करतो, खरी गल्लत तिथे होते. हे वाक्य मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं. त्याचा अर्थ कळला तो बारावीच्या वर्षी, घरी.

आमचं कुटुंब एकत्र. मोठ्या बाबांच्या मुलाचं लग्न झालं आणि यथावकाश वहिनीला मुलगा झाला. लेकरू अंगाने बारीक होतं. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर नव्हत्या, दुधाळ दिसत. चार-सहा महिन्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ताट पडलं, दार आपटलं, तरी ते दचकत नसे. गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘जन्मजात मोतीबिंदू’ असं लिहून नागपूरला दाखवायला सांगितलं. नागपूर राहिलं बाजूला. घरच्यांनी ‘जन्मजात’ हा शब्द उचलला आणि त्याचा अर्थ केला ‘खानदानी’.

“आमच्या सात पिढ्यांत असं लेकरू झालं नाही,” मोठी आई म्हणाली. “हे तिच्या माहेराकडून आलं.” वहिनीच्या वडिलांना बोलावणं गेलं. ते बिचारे हात जोडून सांगत होते की आमच्याही घरात कोणाला असं नाही जी. “मग आलं कुठून?” या प्रश्नावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. वहिनीला काही दिवस माहेरी ठेवावं, असं ठरत आलं होतं. ‘काही दिवस’ म्हणजे काय, हे घरातल्या सगळ्या बायांना माहीत होतं.

मी हे बाईंना सांगितलं. सल्ला मागायला म्हणून नव्हे. मन भरून आलं होतं म्हणून. त्यांनी माझ्या वहीचं कोरं पान काढलं आणि तीन रकाने पाडले.

“जन्मजात हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर?”

“कधीपासून आहे, त्याचं.”

“आणि आनुवंशिक?”

“कुठून आलं, त्याचं.”

“मग ही दोन उत्तरं एकच का म्हून मानता तुम्ही घरी?”

त्यांनी रकाने खोडले आणि चार खणांची चौकट काढली. जन्मजात आणि आनुवंशिक दोन्ही : जन्मतःच केस-कातडी पांढरी असणारी रंगहीनता. आनुवंशिक, पण जन्माच्या वेळी न दिसणारा : हंटिंग्टनचा आजार, जो बहुधा तिशी-चाळिशीनंतर डोकं वर काढतो. दोन्ही नव्हे : आपल्याला पुढे होणारे कितीतरी आजार. उरला चौथा खण, जन्मजात पण आनुवंशिक नव्हे. त्यावर पेन्सिल टेकवून त्या म्हणाल्या, “घरी जाऊन वहिनीला एकटीला विचार. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत बारीक ताप येऊन अंगावर पुरळ उठला होता का? कानामागे गाठी आल्या होत्या का? मी डॉक्टर नाही. मी सांगितलं म्हणून काही ठरवू नका. तिचं उत्तर घ्या आणि नागपूरला मेडिकलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा.”

वहिनी न्हाणीघराच्या मागे भांडी घासत होती. मी विचारलं तसे तिचे हात थांबले. हो, आला होता. माहेरी गेली होती तेव्हा गल्लीतल्या पोराटोरांना गोवरासारखं काहीतरी आलं होतं. तिलाही आलं, तीन दिवसांत गेलं. औषधही घ्यावं लागलं नाही. कोणाला सांगितलं नाहीस? “कोणी विचारलं नाही,” ती म्हणाली.

दादाला मी कसंबसं पटवलं आणि तो दोघांना घेऊन नागपूरला गेला. तिथल्या डॉक्टरांनी वहिनीला तेच प्रश्न विचारले, लेकराचं हृदयही तपासून घेतलं आणि सांगितलं की हा गरोदरपणातल्या रुबेलाचा, म्हणजे ज्याला जर्मन गोवर म्हणतात त्याचा परिणाम दिसतो. यात ना सासरचा दोष ना माहेरचा. आईला एकदा होऊन गेलाय, पुढच्या लेकराला भीती नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगाच्या चष्म्यातून पोरगं जग बघू लागलं. कान मात्र गेले ते गेलेच. मोठ्या आईने माफीबिफी मागितली नाही. सुनेची माफी मागायची आमच्याकडे रीत नव्हती. पण माहेरी पाठवण्याची भाषा बंद झाली. पुढे वहिनीला मुलगी झाली ती धडधाकट, आणि त्या विषयावर पडदा पडला.

बाईंना ही गोष्ट ठाऊक कशी, हा प्रश्न मला नंतर पडला. उत्तर त्यांच्याकडूनच कळलं. नॉर्मन ग्रेग हे सिडनीतले नेत्रतज्ज्ञ. १९४१मध्ये त्यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदूची बाळं एकाएकी मोठ्या संख्येने येऊ लागली. घराण्यातला दोष म्हणावं, तर इतक्या निरनिराळ्या घराण्यांत तो एकाच हंगामात कसा उपटला? ग्रेग यांनी आयांकडे चौकशी केली. आधीच्या वर्षी ऑस्ट्रेलियात रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती. त्यांनी नोंदवलेल्या ७८ बाळांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात, बहुतेकींना सुरुवातीच्या दिवसांत, तो आजार झाला होता. बाहेरून आलेला विषाणू गर्भातल्या बाळाला जन्मभराचं व्यंग देऊ शकतो, हे तोवर वैद्यकाला नीट ठाऊकच नव्हतं; जन्मजात म्हटलं की डॉक्टरही आधी वंशाकडे बघत. रुबेलाची लस १९६९मध्ये आली. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २०१७ला सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती २०१८च्या अखेरीला पोहोचली. शाळेच्या व्हरांड्यात रांगेने दंडावर सुया टोचून घेणारी पोरं बघायला मी मुद्दाम गेले होते. आया विचारत होत्या, गोवर जीवघेणा, ते कळलं. पण हा रुबेला तर तीन दिवसांत जातो, त्याला सुई कशाला? मी वहिनीची गोष्ट सांगत होते.

आणखी एक मुद्दा बाईंनी बारावीच्या त्याच वर्षी दाखवला. वरोऱ्याचं आनंदवन आम्हाला जवळ. बाबा आमट्यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्यातून उभं राहिलेलं ते गाव. बाई वर्गाला तिथे घेऊन गेल्या. बरे झालेले लोक मागावर बसून कापड विणत होते, बोटं झडलेली तरी हात चालत होते. त्यांची पोरं अंगणात खेळत होती, ठणठणीत. परतीच्या एसटीत त्यांनी प्रश्न टाकला : कुष्ठरोग घराण्यात चालतो असं लोक म्हणतात, ते का? एकाच घरात दोघा-तिघांना झालेला लोकांनी पाहिला म्हणून. “घरात चालणारं सगळंच रक्तातून येत नाही,” त्या म्हणाल्या. एका छपराखाली राहणारी माणसं एकच हवा घेतात, एका विहिरीचं पाणी पितात. आमच्याच भागात वरोरा-पांढरकवड्याकडच्या कितीतरी गावांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे दात पिवळे, डागाळलेले. तो वंश नव्हे, बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड.

कुष्ठरोगाबाबत ही गल्लत अडाण्यांचीच होती असंही नाही. नॉर्वेतल्या बर्गेनचे डॅनियलसन हे एकोणिसाव्या शतकातले कुष्ठरोगाचे सर्वांत मोठे जाणकार. हा रोग आनुवंशिक आहे, अशी त्यांची खात्री होती, इतकी की त्यांनी रुग्णाच्या गाठीतला अंश स्वतःला टोचून घेतला. रोग झाला नाही. खात्री आणखी पक्की झाली. आणि त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या, त्यांचे जावई झालेल्या गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३मध्ये त्या रोगाचा जंतू दाखवला. तरीही आपल्याकडे ‘घराण्यातला रोग’ हा शिक्का पुसायला पिढ्या गेल्या. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात होतं, ते २०१९मध्ये निघालं.

बारावीनंतर मी प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स केला आणि पुढचं सगळं आयुष्य ग्रामीण रुग्णालयांच्या लॅबमध्ये काढलं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात लॅबवाल्याला सिकलसेल चुकत नाही. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढाच काय तो बिघाड. पण प्राणवायू कमी पडला की त्या हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणूस दुखण्याने तळमळतो. आईबाप दोघांकडून हा बदल आला तर आजार. आमच्या भाषेत ‘एसएस पॅटर्न’. एकाकडूनच आला तर माणूस वाहक; ‘एएस पॅटर्न’. वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा काही होत नाही.

आणि हा आजार बाईंच्या चौकटीत घातला तर कुठे बसतो? आनुवंशिक खराच, पण जन्मतः न दिसणारा. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन निराळ्या जातीचं असतं, जन्मानंतर काही महिने ते टिकतं आणि बाळाला सांभाळतं. सहाएक महिन्यांनी ते ओसरलं की त्रास सुरू. म्हणून आया सांगतात, “लेकरू जन्मलं तेव्हा चांगलं होतं, मग कोणाची नजर लागली.” वहिनीच्या बाबतीत जन्मापासून आहे म्हणून लोक वंशाला धरत होते. इथे जन्माच्या वेळी नव्हतं म्हणून वंशाला सोडून नजरेला धरत होते. रकाना तोच, चूक उलट्या बाजूची.

एक प्रसंग सांगते. साखरपुडा झालेली एक मुलगी भावाबरोबर लॅबमध्ये आली. हातात कुठल्याशा शिबिरातली चिठ्ठी : ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’. मुलाकडच्यांना खबर लागली होती आणि लग्न मोडण्याच्या बेतात होतं. ही तपासणी साधी असते. काचनळीत औषधाचं पाणी, त्यात बोटातलं थेंबभर रक्त. नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. पाच मिनिटांनी द्रावणातून रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मी तिचं रक्त पुन्हा लावलं. रेघा दिसेनाशा झाल्या. भाऊ मटकन खाली बसला.

पण ती नळी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते? सिकलचं हिमोग्लोबिन रक्तात आहे की नाही, एवढ्याच. वाहकाची नळी गढूळ होते, रुग्णाचीही होते. किती आहे, एका बाजूने आलंय की दोन्ही, ते तिला विचारूच नये. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस हवी. विजेच्या प्रवाहात दोन जातींची हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या चालीने सरकतात आणि त्यांचे पट्टे अलग पडतात. मुलीच्या नमुन्यात दोन पट्टे आले. एएस. मग मी नवऱ्या मुलाला बोलावून घेतलं. तो आला, कुरकुरत का होईना, आला. त्याचा एकच पट्टा, साधा. म्हणजे त्यांच्या लेकरांपैकी कोणी वाहक होईल, पण आजारी कोणीच होणार नाही. हे मी त्याच्या आईला तीन रकाने आखून समजावलं. लग्न झालं. पत्रिका आली होती, मीही जाऊन जेवून आले.

दोघंही वाहक निघाले तर गोष्ट निराळी. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी लेकराची, चारात दोन वाहकाची, चारात एक दोन्हींतून मोकळ्या लेकराची. इथे आणखी एक गल्लत हटकून होते. पहिलं लेकरू एसएस निघालेलं एक जोडपं मला म्हणालं, “ताई, चारातलं एक झालं, आता तीन चांगलेच.” शक्यता आणि वाटणी यांतला हा फरक. मुद्दा लिहायचा तर ‘मागच्याचा पुढच्यावर परिणाम होतो का’. होत नाही. दर खेपेला तीच शक्यता, नव्याने.

‘वाहक’ या शब्दानेही आम्हाला छळलं. एसटीत वाहक, मलेरियात डास वाहक, आणि सिकलसेलमध्येही वाहक. एका गावात वाहक मुलीला शाळेत निराळं बसवलं, तेव्हा मी वैतागून बाईंना फोन केला. त्या निवृत्त होऊन अमरावतीला परतल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मुद्दा काय लिहिशील?” मी गप्प. “पोहोचवतो कोणाला, हे लिही.” डास ज्याला चावेल त्याला मलेरिया पोहोचवतो. सिकलचा वाहक स्वतःच्या लेकरांशिवाय कोणालाही काहीही देऊ शकत नाही. शेजारी बसून नाही, डबा वाटून नाही, रक्त सांडून नाही. पुढच्या खेपेला त्या गावात मी तेवढंच फळ्यावर लिहिलं. फोन ठेवण्याआधी बाईंनी एक पुस्तीही जोडली होती, “आणि ‘दोष’ म्हणू नका. कुठे राहतो, हा मुद्दाही लिहा.” खरं होतं त्यांचं. १९५४मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं की सिकलच्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला तो त्यामुळेच. ज्याला आपण उणं म्हणतो, ते त्या जागी वाहकाच्या पदरचं अधिक होतं.

आता १ जुलै २०२३पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट, आणि निर्मूलनाला २०४७ची मुदत. नव्या मुली कामाला येतात. हुशार आहेत, यंत्रं माझ्यापेक्षा चांगली चालवतात. निकाल सांगायला पाठवण्याआधी मी त्यांच्याकडून चौकट भरून घेते. पहिले-पहिले त्यांना ते बारावीच्या अभ्यासासारखं वाटतं. मग एखादा बाप समोर बसून विचारतो, “मॅडम, पोरीला हे लागण आहे, की जन्माचं आहे, की आमच्या खानदानाचं आहे?” एका दमात तीन प्रश्न. मग चौकटीची चेष्टा थांबते.

निवृत्तीच्या आसपास मी अमरावतीला बाईंकडे गेले होते. साडी-नारळ घेऊन गेले. त्यांना ते आवडलं नाही, पण घेतलं. चहा घेताना मी म्हणाले, बाई, वहिनीचा संसार तुमच्यामुळे टिकला, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. त्यांनी हात उडवला. “मी फक्त विचार म्हटलं. मला ते ग्रेगमुळे ठाऊक. ग्रेगला कोणामुळे?”

उत्तर मला येत होतं. सिडनीतल्या त्या आयांमुळे, ज्यांना कोणीतरी पहिल्यांदा विचारलं आणि ज्यांनी आठवून सांगितलं. त्यांची नावं मला माहीत नाहीत. वहिनीलाही बाईंचं नाव माहीत नाही. नणंदेने काहीतरी विचारलं आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सोडवलं, एवढंच तिला ठाऊक. ऋण घेतलं एकाने, फेडलं दुसऱ्याकडे, उपयोगी पडलं तिसऱ्याच्या. हिशोब जुळवत बसलं तर कधीच जुळणार नाही.

माझ्यापुरती मी एक पद्धत ठेवली आहे. तपासणीच्या खोलीत कुटुंब आलं की बोलायला पुढे सरसावतात ते सासरे, दीर, नाहीतर गावचे कोणी शिकलेले. त्यांना मी बाकावर बसवते, पाणी देते आणि दार लोटून आधी आईला विचारते. मुद्द्याचा रकाना बहुतेक वेळा तिच्याच बोलण्यातून भरतो.